पांढरी ठेवलेली भट्टी

भट्टीच्या उत्तरेकडच्या भिंतीत, डावीकडून चौथ्या ठोकळ्यावर, एक लाल डाग होता. गुरुवारी दुपारी मी त्याच्यासमोर लोखंडी पट्टी धरली तेव्हा तो रुंदीला सव्वा इंच भरला. बुधवारी तो इंचाला थोडा कमी होता. मंगळवारी मला तो दिसला नव्हता. नव्हताच असं मात्र मी म्हणणार नाही. त्या बाजूला छपराच्या फटीतून ऊन येतं आणि इतका मंद लाल रंग उजेडात दिसत नाही. बुधवारी मी फटीला गोणपाट अडकवून घेतलं, म्हणून दिसला.

हे ठोकळे बसवताना बारा इंच जाडीचे असतात. आतून वितळलेली काच त्यांना रोज थोडं खाते आणि बाहेरून पंख्याचा वारा त्यांना गार ठेवतो. संपाच्या एक्केचाळिसाव्या दिवशी कंपनीनं वीज तोडली आणि पंखा थांबला. गुरुवारी संपाचा चौऱ्याण्णवावा दिवस होता. मी एक सळई टोकाशी वाकवली, काच उचलायच्या खिडकीतून आत घातली आणि भिंत चाचपली. काचेच्या पातळीवर भिंतीत एक खाच पडली होती. ती नऊ इंचांहून खोल होती. डागापाशी जेमतेम दोन इंच उरले होते.

आत बारा टन काच होती. आणि त्याच भिंतीच्या खाली, सहा फूट खोल खड्ड्यात, फटिक बागदी उभा असे.

आमच्या भट्टीची ज्वाळा वीस मिनिटं डावीकडून आणि वीस मिनिटं उजवीकडून जाते. दर वीस मिनिटांनी खड्ड्यातला दांडा ओढून ती पलटवावी लागते. एक पलटी चुकली तर भट्टी एका अंगानं गार पडायला लागते, शिवाय कोळशाचा वायू साचून भडका उडण्याची भीती. वीज गेल्यावर पलटीची घंटा बंद झाली. तेव्हापासून फटिक कुणाच्या तरी लग्नात आहेर आलेलं गजराचं घड्याळ गळ्यात बांधून बसायचा. त्याची बायको त्याला घरी परत घेत नाही कारण तो झोपेतही वीस मिनिटांनी कूस पलटतो, असं तो सगळ्यांना सांगायचा.

मी भट्टीमिस्त्रीला बोलावून डाग दाखवला. अनादी कर्मकार हे त्यांचं नाव. आमच्या कुसुमडांग्यात सगळे त्यांना अनादीदा, म्हणजे अनादीदादा म्हणत, आणि मला दिदिमणी, म्हणजे बाई. अकरा वर्षांपूर्वी ही भट्टी त्यांनीच पेटवली होती आणि त्यानंतर ती एकदाही विझली नव्हती. ते गुडघ्यांवर हात ठेवून वाकले आणि बराच वेळ पाहत राहिले.

"किती दिवस, दिदिमणी?"

"चार असतील. आज संध्याकाळही असेल. दिवस सांगता येत नाही. फुटणार एवढं सांगता येतं."

ते उठले, पंच्यानं मान पुसली आणि म्हणाले, "उद्या परत मोजा."

मी कामगार नव्हते. प्रयोगशाळेतली रसायनतज्ज्ञ म्हणून माझी गणना बाबू लोकांत व्हायची आणि कंपनीनं आम्हा बाबूंना घरी बसायला सांगितलं होतं. मी घरी बसले नाही. याचं कारण फार मोठं नव्हतं. भट्टी चालू असताना तिचं तापमान कोणी लिहीत नाही ही कल्पना मला सहन झाली नाही. फाटकावरच्या पोरांनी पहिल्या दिवशी मला अडवलं. अनादीदांनी सांगितलं, यांना येऊ द्या, या खोटा आकडा लिहीत नाहीत. त्या शब्दावर मी तीन महिने आत-बाहेर करत होते.

संप कशासाठी होता ते आसपास सगळ्यांना माहीत होतं. आमच्याकडे कंदिलाच्या काचा तोंडानं फुंकून बनत. दोनशे दहा फुंकणारे होते. कंपनीला बाटल्यांची यंत्रं आणायची होती आणि त्यासाठी साठ माणसं पुरणार होती. फाल्गुनात कामगारांनी मॅनेजर सान्यालसाहेबांना त्यांच्याच खोलीत एकतीस तास घेराव घातला. घेराव शिस्तीत झाला. साहेबांना वेळेवर चहा दिला, मुरमुरे दिले, त्यांची रक्तदाबाची गोळी त्यांच्या घरून आणवली. फटिकनं त्यांना विचारलं की साहेब, तुम्ही दीडशे माणसं काढणार, तर या चहाचा कप कुणी धुवायचा तेही आत्ताच ठरवून टाका. साहेबही हसले म्हणतात. शेवटी त्यांनी कुणाला काढणार नाही अशा कागदावर सही केली, आणि दुसऱ्या दिवशी आसनसोलला जाऊन ती जबरदस्तीनं घेतल्याचं लिहून दिलं. मग कचेरीला कुलूप लागलं आणि कोळशाच्या गाड्या थांबल्या.

भट्टी तेव्हाच विझायची. काच आत गोठली की भिंती तडकतात, आणि ती भट्टी पुन्हा उभी करायची तर सगळं पाडावं लागतं. कामगारांचं गणित सरळ होतं. आग आहे तोवर कारखाना आहे, आणि कारखाना आहे तोवर कंपनीला आपल्याशी बोलावं लागेल. अनादीदांनी मजूर वस्तीत सांगितलं की रोज घरटी एक टोपली कोळसा हवा. बायका रेल्वेच्या यार्डात आणि बंद खाणींच्या ढिगांवर जाऊन कोळसा वेचायच्या. पुरुष सायकलीवर दोन-दोन क्विंटल लादून ढकलत आणायचे. सुरुवातीला प्रत्येक घर आपल्या चुलीपुरता कोळसा मागे ठेवायचं. दुसऱ्या महिन्यात तेही थांबलं. चुलीवर ठेवायला काही नव्हतं.

आता जी चूक झाली ती सांगते, कारण तिच्यात माझाही हात आहे.

काच नुसती वितळलेली ठेवायची असेल, काम करायचं नसेल, तर भट्टी गर्द नारिंगी रंगावर ठेवली तरी पुरतं. भिंती कमी झिजतात, कोळसाही कमी लागतो. मी तसं सुचवलं आणि अनादीदांनी केलं. पण मजूर वस्तीतून भट्टीच्या खिडक्या दिसतात. अकरा वर्षं लोकांनी त्या पांढऱ्या पाहिल्या होत्या. त्या नारिंगी दिसायला लागल्यावर तिसऱ्या दिवशी बातमी पसरली की अनादी कर्मकार फुटला, कंपनीसाठी हळूहळू आग मारतोय. कुणीतरी त्यांच्या छपरावर दगड टाकले. बायका कोळशाच्या टोपल्या घेऊन फाटकापर्यंत आल्या आणि टोपल्या तशाच परत नेल्या. मी चौघींना थांबवून नारिंगी रंगाचं कारण समजावलं. त्यांतली एक म्हणाली, दिदिमणी, तुमचं शास्त्र तुमच्यापाशी. माणूस मरायला लागला की आधी रंगच उतरतो.

त्या दिवशी दुपारी अनादीदांनी झडपा उघडल्या. भट्टी पांढरी झाली आणि टोपल्या परत आल्या. चौदाशे अंशांवर, एकाच पातळीला, काच दोन महिने त्या भिंतीला चाटत राहिली. मी रोज आकडा लिहिला. ठोकळे लवकर जातील हे मला कळत होतं. मी ते एकदा बोलले, हळू आवाजात, आणि त्यांनी उत्तर दिलं नाही तेव्हा पुन्हा बोलले नाही.

शुक्रवारी डाग दोन इंच झाला आणि त्याच्या मध्यभागी रंग उजळ आला. मी ते सांगायला गेले तेव्हा अनादीदांजवळ युनियनचे सेक्रेटरी निताई घटक बसले होते. ते नुकतेच लेबर ऑफिसातून आले होते. त्यांच्या चपलेचा अंगठा सुतळीनं बांधलेला होता. सान्यालसाहेब बैठकीला आलेच नव्हते; पुढची तारीख सोमवार मिळाली होती. निताईबाबूंनी माझं सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं की सोमवारपर्यंत भिंत टिकेल का. मी म्हटलं, मला माहीत नाही.

"मग नाही फुटणार असंही होऊ शकतं?"

"होऊ शकतं. मी त्या खड्ड्यात माझ्या माणसाला उभं करणार नाही."

ते रागावले नाहीत. ते इतके थकले होते की रागाचं काम त्यांना झेपलं नसतं. आपल्या हातात दुसरं काहीच उरलं नाही, असं ते म्हणाले. आपल्यातला गोकुल हाजरा संपात वारला. सतरा घरं बर्धमानकडे मजुरीला निघून गेली. सोमवारी त्या टेबलाशी बसताना आग चालू आहे एवढंच एक वाक्य आपल्याकडे आहे. ते गेलं तर आपण कशाच्या जोरावर बोलायचं?

तेव्हा मी त्यांना नव्या ठोकळ्यांचं सांगितलं. गेल्या हिवाळ्यात भट्टीच्या दुरुस्तीसाठी नवे ठोकळे आले होते. मी स्वतः त्यांचा नमुना तपासला होता. माघात, म्हणजे संपाच्या आधी, ते दोन ट्रकांत भरून परत गेले. तेव्हा मला वाटलं, माल खराब निघाला असेल. पण नमुना चांगला होता. कंपनीला ही भट्टी दुरुस्त करायचीच नव्हती. ती किती दिवसांची सोबती आहे हे त्यांच्या कागदांत लिहिलेलं होतं. ती कामगारांच्या ताब्यात असताना फुटली तर कारखाना कामगारांनी जाळला असं होणार होतं, आणि मग सोमवारच काय, कुठलाच वार येणार नव्हता.

निताईबाबूंनी विचारलं की हे आत्तापर्यंत का नाही सांगितलं. मला खात्री नव्हती, आणि खात्री नसताना न बोलायची मला सवय आहे.

शेवटी अनादीदांनी एवढंच विचारलं की काच सोडून दिली तर काय होईल. मी सांगितलं. तळाच्या तोंडातलं मातीचं बूच फोडायचं, काच पाण्याच्या हौदात सोडायची, मग सात दिवस हळूहळू आग उतरवायची. भिंतीचे चार ठोकळे बदलले की भट्टी पुन्हा पेटवता येईल.

"ठोकळे कोण आणणार?"

"कंपनी."

ते हसल्यासारखं करून उठून गेले.

शनिवारी सकाळी मी त्यांच्या घरी गेले. बोलवलेलं नव्हतं. त्यांची बायको पद्मबौदी, म्हणजे पद्मवहिनी, दारात बसून कलमीची भाजी निवडत होती. तळ्याकाठची भाजी फुकट मिळते. चुलीजवळ एक टोपली कोळसा भरून ठेवलेला होता, भट्टीसाठी. बौदीनं मला बसायला चटई दिली आणि आत पाहून मोठ्यानं म्हणाली, बघा, माझ्या सवतीची डॉक्टरीण आली आहे. अनादीदा आतून बाहेर आले नाहीत.

मग तिनं आवाज उतरवला. तीन रात्री तो झोपला नाही म्हणाली. उठून बसतो आणि खिडकीतून भट्टीकडे पाहतो. ती सांगत होती, मी त्याला विचारलं, काय ठरवलंस? तर म्हणतो, अजून एक दिवस. लग्नाच्या आधी त्याच्या बापाला हुंडा कमी करायला सांगायचं होतं, तेव्हाही म्हणाला होता, अजून एक दिवस. मीच सांगितलं शेवटी.

"तुम्ही सांगा ना त्यांना," मी म्हटलं.

तिनं भाजीचा देठ मोडला. "काय सांगू? विझव म्हणू? हा कोळसा मी माझ्या पोरींच्या तोंडातून काढून तिथं घातलाय, दिदिमणी. चौऱ्याण्णव दिवस. मी कशी म्हणू विझव?"

मी दिवसांची चूक दुरुस्त केली नाही. शहाण्णवावा होता.

दुपारी अडीच वाजता मी शेडमध्ये पोचले तेव्हा डाग चार इंच झाला होता. मध्यभाग आता लाल नव्हता, पिवळा होता. गोणपाट बाजूला केलं तरी, भर उजेडात, तो दिसत होता. मी पट्टी जवळ नेली आणि हाताची कातडी ओढल्यासारखी झाली, म्हणून मागे घेतली.

अनादीदा माझ्या आधी आले होते. त्यांनी फटिकला खड्ड्यातून वर बोलावलं, त्याच्या गळ्यातलं घड्याळ काढून स्वतःच्या गळ्यात घातलं आणि शिडीनं खाली उतरले. फटिकला वाटलं काहीतरी चेष्टा आहे. अनादीदा, तुम्ही दांडा ओढाल आणि तो तुमच्याच हातात येईल, असं तो वरून म्हणाला. फटिकनं भिंतीकडे पाहिलं. त्या बाजूनं तो डाग त्यानं कधी पाहिलाच नव्हता. खड्ड्यातून वर पाहिलं तर फक्त कडेचा लोखंडी पट्टा दिसतो. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी होकारार्थी मान हलवली.

पावणेतीनची पलटी अनादीदांनी केली. तीन वाजून पाच मिनिटांचीही केली. तोपर्यंत शेडमध्ये सव्वाशेक माणसं जमली होती. कुणी सांगितलं मला माहीत नाही. निताईबाबूही आले. लोक डागासमोर अर्धगोलात उभे होते, आणि डाग समोर असूनही जो तो खड्ड्याच्या तोंडाकडे पाहत होता. फटिक कठड्याशी वाकून बोलत होता. आता त्याचा आवाज चेष्टेचा नव्हता. वर या, असं तो म्हणत होता. तो माझा दांडा आहे, सात वर्षं मी ओढलाय, तुम्हाला काय अधिकार? खालून एवढंच आलं, की तुझ्या पोरांची शाळा आहे, तू गप्प बस.

"आणि तुमच्या पोरी?" फटिक म्हणाला.

निताईबाबूंनी तेव्हा जे केलं ते वाईट हेतूनं केलं नाही. आमच्याकडे कुठलंही अवघड काम यादीनंच होतं. कोळशाची यादी, फाटकाच्या पहाऱ्याची यादी, गोकुलच्या घरी जेवण पोचवायची यादी. एकट्यानं भार घ्यायचा नाही, हाच संपाचा नियम होता. त्यांनी खिशातून कागद काढला आणि म्हणाले की सोमवारपर्यंत पलट्या वाटून घेऊ. एका माणसाच्या वाट्याला एकच पलटी. एक दांडा ओढायला अर्धं मिनिट लागतं. बाकी वेळ वर थांबायचं. ज्याला नाव द्यायचं त्यानं द्यावं, सक्ती नाही.

मला वाटलं, कोणी पुढे येणार नाही. डाग समोर होता. मला वाटलं, आता विझवायचं आपोआप ठरेल.

पहिलं नाव फटिकनं दिलं. त्याच्यामागे नसीम शेख आला, फुंकणाऱ्यांतला सगळ्यात वयस्क, ज्याला दम्यामुळे शिडी चढवत नव्हती. मग दोघं भाऊ एकदम आले आणि आधी कोण यावर कुजबुजत भांडले. मग ओळ लागली. काहींना लिहिता येत नव्हतं, ते नाव सांगायचे आणि निताईबाबू लिहायचे. एकानं विचारलं, मी दोन घेतल्या तर चालतील का, माझ्या मागे कोणी नाही. निताईबाबू लिहीतच होते. बाजूला दोन-चार बायका कोळशाच्या टोपल्या घेऊन उभ्या होत्या. त्यांत पद्मबौदीही होती. आज बूच फोडलं तर त्या टोपल्यांची गरज उरणार नव्हती. तसं सांगायला कोणी पुढे झालं नाही.

तीन पंचविसाची पलटी झाली. दांडा फिरल्याचा खडखडाट ऐकू आला, भट्टीतली ज्वाळा एका अंगाला पडून पुन्हा उठली. डागाच्या खालच्या कडेनं एक बारीक रेघ ओघळली, मधासारखी दाट, आणि दोन बोटं खाली येऊन गोठली. मी मोठ्यानं सांगितलं की आता खाली कोणी थांबू नये. त्याच वेळी अनादीदा शिडी चढून वर आले. त्यांच्या भुवयांचे केस पिवळे पडले होते.

निताईबाबूंनी त्यांना कागद दाखवला. एकशे बारा नावं आहेत, दा, ते म्हणाले, आता तुम्हाला उतरायचं नाही, पुढची पाळी फटिकची.

अनादीदांनी कागद हातात घेतला. त्यांना वाचता येतं, पण हळू येतं. ते एकेक नाव ओठ हलवत वाचत गेले. सगळे थांबले. घड्याळाची टिकटिक त्यांच्या छातीवर चालू होती आणि पुढच्या पलटीला सोळा मिनिटं होती, मग पंधरा. नसीम शेखच्या नावाशी ते थांबले आणि त्यांनी वर पाहून त्याला शोधलं. नसीम ओळीतच उभा होता. त्यानं नजर खाली केली, चूक पकडली गेल्यासारखी.

"हे सगळे उतरतील?" त्यांनी निताईबाबूंना विचारलं.

"उतरतील."

"मी नको म्हटलं तरी?"

फटिक म्हणाला, "तुम्ही आम्हाला विचारून उतरला होता का, दा?"

अनादीदांनी कागदाची घडी घातली, पुन्हा एक घडी घातली आणि तो मुठीत धरला. त्यांनी बौदीकडे पाहिलं. ती टोपली कमरेवर घेऊन उभी होती, आणि तिनं नाही म्हटलं नाही, होही म्हणाली नाही. मग ते माझ्याकडे वळले आणि विचारलं की हौदात पाणी किती आहे. मी सांगितलं, पाऊण. पुरेल का, त्यांनी विचारलं. मी सांगितलं, पुरेल, पण आत्ताच सुरू करावं लागेल.

ते थोडा वेळ भट्टीच्या पांढऱ्या खिडक्यांकडे पाहत उभे राहिले. मग माणसांकडे तोंड करून, पहिल्या ओळीला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाले, "खाली कोणी जाणार नाही. पहारी आणा आणि बूच फोडा. मी आग विझवतोय."